त्साओ दवांग आणि गाडीची काच

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, त्या चिनी काचवाल्याबद्दल तुम्ही विचारलंत. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिते.

त्साओ दवांग यांचा जन्म १९४६ सालचा, शांघायचा. वाढले फूच्येन प्रांतातल्या फूचिंगला. शाळा लहानपणीच सुटली. तंबाखू विकली, फळं विकली, सायकली दुरुस्त केल्या. १९७६ पासून ते काओशानच्या काच कारखान्याचे विक्रेते होते. तिथे पाण्याच्या मीटरची काच बनायची. तोट्यात गेलेला तो कारखाना १९८३ साली त्यांनी कराराने चालवायला घेतला. मग एकदा वूयीच्या डोंगरात काठी घेऊन गाडीत बसताना चालकाने त्यांना दटावलं, की काचेला लागली तर भरपाई हजारो युआन! काचेचा कच्चा माल किती स्वस्त हे त्यांना ठाऊक होतं. किंमत आणि खर्च यांतली ती दरी त्यांनी ओळखली, आणि १९८७ साली ‘फूयाओ’ ही गाड्यांच्या काचांची कंपनी उभी राहिली.

दरी दिसली तरी काच काही सोपी नव्हती. समोरच्या काचेत साधारण दोन-दोन मिलिमीटरचे दोन पत्रे असतात, मध्ये पीव्हीबी नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा ०.७६ मिलिमीटरचा पापुद्रा. आधी कापायचं, मग कडा घासायच्या, धुवायचं, कडेची काळी पट्टी छापायची. त्यानंतर दोन्ही पत्रे ६०० अंशांच्या वर तापवून जोडीने वाकवायचे. जोडीने अशासाठी, की वळणात किंचित फरक राहिला तरी मधला पापुद्रा नीट बसत नाही. जोडणी कोरड्या, स्वच्छ खोलीतच होते, कारण पीव्हीबी दमट झाला की चिकटत नाही आणि पुढे बुडबुडे येतात. मग आतली हवा काढून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब देणाऱ्या बंद भट्टीत, सुमारे १४० अंशांवर, १२-१३ बार दाबाखाली भाजायची. कडेमुळे बराच माल वाया जातो. घासताना राहिलेला बारीक टवका तेव्हा दिसतही नाही, तडा मात्र तिथूनच जातो.

आई, तुला त्यांची हिशेबाची सवय आवडेल. २००२ साली अमेरिकेने त्यांच्या काचेवर ११.८ टक्के डंपिंगविरोधी कर (परदेशी माल फार स्वस्तात विकल्याच्या आरोपावरून लावतात तो) लावला. बरेच जण अशा वेळी बाजार सोडतात. त्यांनी वह्या उघडून खर्च दाखवला, खटला लढवला, आणि पुढच्या तपासणीत तो कर जवळजवळ शून्यावर आला. २०१० साली नैऋत्य चीनमधल्या दुष्काळग्रस्तांना २० कोटी युआन दिले, तेही करार करून: घरटी २,००० युआन, वाटप करणाऱ्या संस्थेचा खर्च ३ टक्क्यांच्या आत, आणि चुकीच्या घरांना मदत गेल्याचं प्रमाण १ टक्क्याच्या वर गेलं तर संस्थेने भरपाई द्यायची. दान देतानाही अशी अट घालावी, हे मला मनापासून पटतं.

ओहायोतल्या मोरेनमध्ये जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना त्यांनी २०१४ साली घेतला. तिथे सुरक्षेच्या त्रुटींबद्दल सरकारी दंड झाला. २०१७ साली कामगारांनी युनियनच्या विरोधात ८६८-४४४ असं मत दिलं. निकाल त्साओंच्या बाजूने लागला, तरी सुरक्षेतल्या त्या त्रुटी मला माफ करता येत नाहीत. काच तापवणाऱ्या आणि कापणाऱ्या माणसाला आधी जपायला हवं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यांनी अध्यक्षपद सोडलं. आता मुलगा त्साओ हुई कारभार पाहतो.

बाबा, आपल्या गाडीच्या समोरच्या काचेला खडा लागला, तर टवका नाण्याएवढा असेतो लगेच रेझिन (सुकून घट्ट होणारा पारदर्शक चिकट द्रव) भरून घ्या. धूळ-पाणी आत गेलं की रेझिन नीट धरत नाही. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. काच बदललीच, तर गाडी सुरक्षित चालवण्याइतकं चिकटवण धरायला किती तास लागतात ते गॅरेजवाल्याला विचारा आणि तोवर गाडी जागेवरून हलवू नका. बाजूच्या काचा बहुधा टफन्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेल्या, असतात. त्यांचा टवका भरता येत नाही, त्या बदलाव्याच लागतात.

तुमची,
मंजू