'जणू' दिसला की उत्प्रेक्षा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत अलंकारांचा एक तक्ता छापून आला. एका बाजूला अलंकार, दुसऱ्या बाजूला 'ओळखण्याची खूण'. सारखा, सम, परी म्हणजे उपमा. जणू, गमे, भासे म्हणजे उत्प्रेक्षा. नव्हे, छे म्हणजे अपन्हुती. परीक्षेच्या आदल्या रात्री असा तक्ता कामी येतो, हे खरं. पण त्यानं पोरं शब्द हुडकायला शिकतात, अलंकार तसाच राहतो. 'दार वाजलं, जणू कुणी आलं असावं' या वाक्यावर तक्ता पाठ असलेला मुलगा डोळे झाकून उत्प्रेक्षा लिहील. इथं उपमेय नाही, उपमान नाही, आहे तो निव्वळ अंदाज. 'जालन्याची मोसंबी नागपूरच्या संत्र्यासारखी रसाळ असते' यात 'सारखी' आहे, तरी ही उपमा नव्हे. फळाला फळ लावून दाखवलं, त्यात चमत्कृती कुठली?

खूण शोधण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत. बोलणं कशाबद्दल चाललंय? ते उपमेय. त्याच्याशेजारी बाहेरून काय आणून ठेवलंय? ते उपमान. मग त्या दोघांचं नातं पाहायचं, कारण अलंकाराचं नाव त्या नात्याला आहे. आपल्याकडे वेचणीला आलेलं कापसाचं रान प्रत्येक मुलानं पाहिलेलं असतं. तेच घेऊ.

'कापूस चांदण्यासारखा पांढरा आहे.' कापूस उपमेय, चांदणं उपमान, पांढरेपणा साधारण धर्म, 'सारखा' साम्यवाचक शब्द. चारही अंगं हजर, म्हणून पूर्णोपमा. 'पांढरा' गाळा, लुप्तोपमा झाली. 'कापूस म्हणजे जणू चांदणंच' म्हटलं की दोघांतलं अंतर घटलं, पण कल्पना अजून कल्पनाच आहे; ही उत्प्रेक्षा. 'कापसाचं चांदणं रानभर पसरलंय' यात दोन्ही एक झाली, ते रूपक. 'हा कापूस नव्हे, चांदणं आहे' यात उपमेय नाकारलं, ती अपन्हुती. 'कापूस म्हणावा की चांदणं?' हा ससंदेह. चांदणं समजून चकोर बोंडावर उतरला तर भ्रांतिमान. चांदण्यापेक्षा कापूस उजळ म्हटलात की उपमेय वरचढ, म्हणजे व्यतिरेक. आणि 'या कापसासारखा हाच' म्हणून उपमानाची वाटच बंद केली, की अनन्वय. रान तेच, बोंडं तीच. नातं बदललं तसं नाव बदललं. फळ्यावर एकाखाली एक ही आठ वाक्यं लिहिली तर एका तासात जेवढं कळतं, तेवढं आठ वेगवेगळ्या कवींच्या आठ तुटक ओळींनी महिनाभरात कळत नाही.

एक पायरी शाळेत बहुधा सुटते. 'आमच्या रानात चांदणं उतरलंय' एवढंच म्हटलं तर? कापसाचं नावच नाही, उपमानानं उपमेय गिळलं. संस्कृत काव्यशास्त्र याला अतिशयोक्तीत घालतं. शाळेतली अतिशयोक्ती म्हणजे मात्र वाढवून सांगणं. नाव एक, वापर दोन. पुढे मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्याची इथंच गफलत होते, तेव्हा कुणीतरी आधी सांगितलेलं बरं.

श्लेषाची परीक्षा सोपी आहे. 'यंदा शनी राशीलाच बसला, खळं रिकामं' यात कुंडलीतली रास आणि धान्याची रास, दोन्ही आहेत. 'राशी'च्या जागी 'ढीग' घाला, गंमत गेली. शब्द बदलताच श्लेष मरतो तो शब्दश्लेष, समानार्थी शब्द घालूनही टिकतो तो अर्थश्लेष.

शब्दातून अर्थ कसा निघतो ते सांगणाऱ्या शब्दशक्तींना पोरं उगाच घाबरतात. काव्यशास्त्रातलं लक्षणेचं हजार वर्षांहून जुनं उदाहरण आहे 'गंगेवर वस्ती'. प्रवाहावर घरं बांधता येत नाहीत, म्हणून मूळ अर्थ सोडून 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घ्यायचा. गोदावरीला गंगाच म्हणणाऱ्या आपल्या गंगथडीला हे वेगळं शिकवायची गरजच नाही. 'आमचं शेत गंगेवर आहे' हे पैठणपासून नांदेडपर्यंत रोज बोललं जातं. व्यंजना याहून वेगळी. सोयाबीनची रास उघड्यावर पडलेली असताना शेजारी म्हणतो, 'आभाळ भरून आलंय की.' शब्दांचा अर्थ जागेवर शाबूत आहे, काहीच सोडावं लागत नाही. तरी ऐकणारा ताडपत्री आणायला धावतो. मूळ अर्थ अडला तर लक्षणा, न अडता पुढे गेला तर व्यंजना. हा फरक गाइडांत सहसा दिलेला नसतो. तिथं दोन्हींना मिळून 'सूचक अर्थ' म्हणून मोकळं होतात.

आता त्याच पानावरच्या वृत्ताबद्दल. भुजंगप्रयातासाठी 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ दिली, ते योग्यच. रामदास जालना जिल्ह्यातल्या जांबचे, उदाहरण घरचंच. पण लगक्रम, म्हणजे लघु-गुरू अक्षरांचा क्रम, लावताना 'सज्जना'तला 'स' आणि 'भक्ति'तला 'भ' लघु दाखवलेत. त्यानं या वृत्ताचे चार 'य' गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे ठरलेले तुकडे, जुळतच नाहीत. पुढच्या जोडाक्षराचा आघात या अक्षरांवर येतो, म्हणून दोन्ही गुरू. बरोबर फोड अशी: मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. प्रत्येक तुकडा लघु-गुरू-गुरू, चार त्रिक बारा अक्षरं. मात्र जोडाक्षर दिसलं की मागचं अक्षर गुरू, असाही सरसकट नियम करू नये. 'तुझ्या'तला 'तु' लघुच राहतो, कारण म्हणताना त्यावर आघात येत नाही. ओळ मोठ्यानं म्हणून पाहणं हाच उपाय. नुसत्या डोळ्यांनी लगक्रम लावला की तो चुकतो.

अभंगाला मात्र हा हिशेब लावू नये. तिथं ऱ्हस्व-दीर्घ मोजत नाहीत, अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांचा 'अमृताहुनी गोड, नाम तुझे देवा, मन माझे केशवा, कां बा न घे' घ्या. मोजलं तर सात, सहा, सात, चार भरतात. मुलं म्हणतात, अभंग चुकला. चुकला नाही, गाताना जादा अक्षर चालीत मुरतं, आणि 'देवा-केशवा' हे यमक जागच्या जागी आहे. याच ओळीत वर सांगितलेला व्यतिरेकही आहे: अमृतापेक्षा नाम गोड. तक्त्यात व्यतिरेकापुढे खूण म्हणून 'पेक्षा' छापलंय. या ओळीत 'पेक्षा' नाही, 'हुनी' आहे.

लगक्रमाची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत त्याच जागी छापावी, ही विनंती. तक्ता कापून वहीत चिकटवलेल्या मुलांना ती सापडली पाहिजे.

आपले,
मराठीचे काही शिक्षक, परभणी