दाद मागायची कोणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक संस्थांच्या सुधारणेवरील लेख आपल्या कालच्या अंकात वाचला. लेखकाच्या अभ्यासाविषयी मला शंका नाही. मात्र सदस्य देशांनी हात आखडता घेतला असल्याने आता खासगी क्षेत्राला सोबत घेण्यावाचून या संस्थांना गत्यंतर नाही, हा निष्कर्ष त्यांनी ज्या सहजतेने काढला आहे, तो निफाड तालुक्यातून युरोपला द्राक्षे पाठवणाऱ्या माझ्यासारख्याच्या घशाखाली उतरत नाही.

वर्गणी आटली आहे, हे कबूल. अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटना सोडण्याचा आदेश 20 जानेवारी 2025 रोजी काढला, आणि त्याआधीही त्या संघटनेच्या अंदाजपत्रकात सदस्य देशांच्या बंधनकारक वर्गणीचा वाटा एक पंचमांशाहून कमीच होता. उरलेला पैसा ऐच्छिक देणग्यांचा, आणि त्यातील बराचसा कशावर खर्च करायचा हे देणाऱ्यानेच ठरवून दिलेले. यावर उपाय म्हणून 2030-31 पर्यंत मूळ अंदाजपत्रकाचा निम्मा भाग वर्गणीतून उभा करण्याचे सदस्य देशांनी 2022 मध्ये ठरवले. सुधारणा म्हणावी तर ही. पण तिला लेखात एक ओळही मिळालेली नाही.

आता माझा अनुभव. चार हंगामांपूर्वी गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीनंतर, अवकाळी पाऊस झाला. डाऊनी हा बुरशीचा रोग आटोक्यात ठेवण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त फवारण्या कराव्या लागल्या. त्या सगळ्या शिफारशीतील औषधांच्या होत्या आणि प्रत्येकीची नोंद वहीत आहे. खुड्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासला, तेव्हा सहा औषधांचे अंश सापडले आणि सहाही युरोपीय महासंघाच्या कायदेशीर मर्यादेच्या आत होते. माल पॅकहाउसमधून न्हावा शेव्याला आणि तेथून समुद्रमार्गे रवाना झाला. तो पोहोचल्यावर निर्यातदाराचा फोन आला की, ज्या साखळी दुकानांसाठी माल होता, त्यांनी तो नाकारला आहे. त्यांच्या स्वतःच्या नियमानुसार कोणताही अंश कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशाहून जास्त चालत नव्हता आणि एकूण औषधे पाचपेक्षा जास्त नकोत, अशीही अट होती. माझी सहा निघाली. माल तिकडच्या खुल्या बाजारात पडेल भावाने विकला गेला आणि फरक माझ्या हिशेबातून वळता झाला.

मी अहवाल घेऊन संबंधित सरकारी कार्यालयात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी तो शांतपणे वाचला, चहा मागवला आणि सांगितले की, माल पूर्णपणे नियमात आहे. मग नाकारला कोणी? एका दुकानदाराने. त्याच्याविरुद्ध दाद कोठे मागायची? या प्रश्नावर त्यांनी दुसऱ्यांदा चहा विचारला. त्यांना दोष देत नाही, कारण उत्तर खरोखरच नव्हते.

2010 चा हंगाम आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांवरून आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि अनेक बागायतदार कर्जात गेले. त्यात चूक आपलीही होती, कारण ते रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. तरीही तेव्हा समोर सरकार होते, छापील नियम होता, दिल्ली ब्रसेल्सशी बोलू शकत होती. आणि पुढे ते रसायन यादीत आले. दुकानदाराच्या नियमाशी दिल्ली काय बोलणार?

अन्नातील अंशांची मर्यादा ठरवण्यासाठी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून स्थापन केलेला कोडेक्स आयोग 1963 पासून काम करतो आहे. त्यात भारताला जागा आहे. कोडेक्सपेक्षा कडक मर्यादा लावणाऱ्या देशाने तिला शास्त्रीय आधार द्यावा, असे जागतिक व्यापार संघटनेचा करार सांगतो. दुकानांच्या साखळीला असा आधार कोणी मागत नाही. केळ्यांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनडिन्स या चिमुकल्या कॅरिबियन देशाने 2005 मध्ये त्या संघटनेच्या समितीत मांडला होता. त्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली, पण खासगी मानक म्हणजे काय याच्या व्याख्येवरही एकमत होऊ शकले नाही. त्या संघटनेचे अपील मंडळ तर अमेरिकेने नेमणुका रोखल्यामुळे डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे, म्हणजे देशांनाच जेथे दाद मिळत नाही, तेथे निफाडच्या बागायतदाराने काय अपेक्षा ठेवावी?

खासगी मानकांचे सगळेच वाईट, असे मी म्हणणार नाही. ग्लोबलगॅप या शेतीविषयक खासगी मानकाच्या प्रमाणपत्रासाठीच माझ्या बागेत मजुरांकरिता स्वच्छतागृह बांधले गेले आणि फवारणीची वही नीट लिहिली जाऊ लागली, हे मान्य करायलाच हवे. पण जे कोडेक्सच्या खोलीबाहेर स्वतःचे नियम करतात, त्यांनाच आता भागीदार म्हणून आतही खुर्ची द्यायची असेल, तर तेथे आमच्या वतीने कोण बसणार, एवढे तरी लेखकाने सांगायला हवे होते. संयुक्त राष्ट्रांनी 2019 मध्ये जागतिक आर्थिक मंचाशी, म्हणजे बड्या कंपन्यांच्या व्यासपीठाशी, भागीदारीचा करार केला. 2021 च्या अन्नव्यवस्था शिखर परिषदेवर तर कंपन्यांचा वरचष्मा असल्याचे सांगत जगभरातील अनेक शेतकरी संघटनांनी बहिष्कार टाकला. भागीदारीचे गोडवे गाणाऱ्या लेखात या बहिष्काराचा साधा उल्लेखही नसावा, हे अंमळ सोयीचे वाटते.

जाता जाता एक भाषेची तक्रार. संपूर्ण लेखात ‘स्टेकहोल्डर’साठी ‘भागधारक’ हा शब्द वापरला आहे. भागधारक म्हणजे शेअरहोल्डर, ज्याचे कंपनीत पैसे गुंतलेले असतात तो. ज्यांचे हित गुंतलेले असते, त्यांना हितसंबंधी म्हणतात. ही चूक आपल्या अंकात पूर्वीही दोनदा झाली आहे आणि दोन्ही वेळा मी कळवले होते. या खेपेस मात्र दुरुस्तीचा आग्रह धरत नाही, कारण ‘यापुढे जागतिक संस्थांचे निर्णय सर्व भागधारकांना विश्वासात घेऊन व्हावेत’ हे वाक्य आहे तसेच लेखाच्या आशयाशी अधिक प्रामाणिक आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक