काळ्या पडद्याच्या निमित्ताने

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गुरुवारी रात्री फोनवर मी बाबांशी जरा चिडूनच बोलले. संगणकाचा पडदा काळा झाला होता, बाबा समोर काय दिसते ते शांतपणे सांगत होते आणि मी त्यांचे पुरते ऐकून न घेता "तुम्ही कशाला हात लावलात?" असे पुन्हा पुन्हा विचारत होते. नंतर निवांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले, की त्यांनी केले ते योग्यच होते. अपडेट आले आहेत असे उबुंटूने, म्हणजे आपल्या संगणकावरच्या लिनक्स प्रणालीने, कळवले, बाबांनी संमती दिली आणि पुढचा घोटाळा त्यांच्या हातून झालेलाच नव्हता. म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोनवर घाईने सांगितलेले लक्षात राहत नाही, आणि कागदाची एक मोठी सोय अशी, की संगणक बंद पडलेला असतानाही तो वाचता येतो.

आधी त्या रात्री नेमके काय झाले ते सांगते. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. पडदा, कळफलक, आवाज, वायफाय अशा सगळ्यांशी बोलण्याचे काम हा गाभा करतो आणि त्यासाठी प्रत्येक उपकरणाचा एक ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाची भाषा जाणणारा छोटा प्रोग्राम, त्याला लागतो. बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, त्यामुळे कर्नल बदलला की तेही मुकाट्याने बदलतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मात्र कार्ड बनवणाऱ्या कंपनीने वेगळा दिलेला होता. असा बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो, आणि ते काम डीकेएमएस नावाची एक यंत्रणा आपोआप करत असते. कंपनीने त्या जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये नवी भर घालणे केव्हाच थांबवले होते, कर्नलची अंतर्गत रचना मात्र पुढे सरकत राहिली. शेवटी असा एक कर्नल आला, ज्याच्यासाठी तो ड्रायव्हर बांधलाच गेला नाही. संगणक सुरू होत होता, तबकडी फिरत होती, फक्त चित्र काढणारा कोणी जागेवर नव्हता. आई, "पंखा चालू आहे, म्हणजे जीव आहे" असे तू मागून म्हणालीस ते अगदी बरोबर होते, आणि मी ते ऐकायला हवे होते.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग यंत्रातच असतो. नवा कर्नल बसवताना उबुंटू जुना लगेच काढून टाकत नाही. निदान आधीचा एक तरी राखून ठेवते. संगणक सुरू करताना, कंपनीचे चिन्ह दिसून गेल्याबरोबर, एस्केपची कळ एकदा दाबायची, म्हणजे पर्यायांची यादी येते. एकदाच म्हणते, कारण घाबरून चार-पाच वेळा दाबली तर यादीऐवजी ग्रब (ही यादी दाखवणाऱ्या प्रोग्रामचे नाव) असे लिहिलेली एक ओसाड ओळ समोर येते आणि आपण आणखी घाबरतो. तसे झालेच तर संगणक पुन्हा सुरू करावा, काही बिघडत नाही. आपल्या संगणकापेक्षा जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर एस्केपऐवजी शिफ्टची कळ दाबून धरावी लागते; काकांच्या संगणकाशी बाबा कधी झटापट करू लागले तर हे उपयोगी पडेल. यादी आली, की दुसऱ्या ओळीवरचे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडायचे. तिथे कर्नल त्यांच्या क्रमांकांनिशी दिसतात. ज्याच्यापुढे रिकव्हरी असे लिहिलेले नाही असा, आधीच्या लहान क्रमांकाचा कर्नल निवडायचा. गुरुवारी आपण शेवटी हेच केले आणि दोन मिनिटांत आईचे नेहमीचे चित्र पडद्यावर आले.

त्यानंतर मी कंपनीचा ड्रायव्हर काढून टाकला आणि कर्नलबरोबरच येणारा नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर चालू केला. जड त्रिमितीय खेळ खेळायचे असते, तर हा बदल तुम्हाला जाणवला असता. पत्रव्यवहार, छायाचित्रे, बातम्या आणि बाबांचे बुद्धिबळ यांना तो पुरेसा आहे, आणि पुढच्या कर्नलच्या वेळी तो मागे राहणार नाही. सॉफ्टवेअर अँड अपडेट्समध्ये ॲडिशनल ड्रायव्हर्सच्या पानावर संगणक पुन्हा कंपनीचाच ड्रायव्हर सुचवील. तो कृपया स्वीकारू नका.

आता घड्याळाविषयी. आई, तू दोन महिन्यांपूर्वी सांगितले होतेस, की सकाळी संगणक लावला की कोपऱ्यात आदल्या रात्रीची वेळ दिसते आणि थोड्या वेळाने ती आपोआप सुधारते. तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. गेल्या आठवड्यात तारीख-वेळ लावलेली नाही असे सांगून संगणक सुरुवातीलाच अडून बसू लागला आणि एफ १ दाबल्याशिवाय पुढे जाईना, तेव्हा तुझी तक्रार मला आठवली. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवर, नाण्याएवढा एक सेल असतो. संगणकाची वीज पूर्ण तुटली तरी आतले घड्याळ त्याच्यावर चालते. तुम्ही रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करता, त्यामुळे सगळा भार त्या सेलवर पडतो आणि तो एरवीपेक्षा लवकर संपतो. घड्याळ असे मागे पडले, तर उबुंटू बंद होताना नोंदवून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागते आणि इंटरनेट मिळाले की खरी वेळ विचारून घेते. तुला आदल्या रात्रीची वेळ दिसत होती ती यामुळे. म्हणजे दुखण्याचे निदान तू दोन महिने आधीच करून ठेवले होतेस. माझ्याच ध्यानात आले नाही.

त्या सेलचे नाव सीआर २०३२ आहे. त्यातले २० म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट. नाव पाहूनच घ्यावा, कारण सीआर २०२५ दिसायला तसाच असतो, पण पातळ असल्यामुळे नीट टेकत नाही. बदलताना संगणक बंद करून तार भिंतीतून काढावी, मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून सेल बसवावा. एखाद्या मदरबोर्डवर सेल संपला की कोणत्या डिस्कपासून सुरुवात करायची याची नोंदही पुसली जाते आणि डिस्क सापडत नाही असा संदेश येतो. तसे दिसले तर डिस्क गेली असे समजून हताश होऊ नका, मला फोन करा.

डिस्कचाच विषय निघाला म्हणून सांगते. बाबा, संगणकाच्या पेटीतून मधूनमधून टकटक असा आवाज येतो हे तुम्ही सहज बोलता बोलता सांगितलेत, पण मला त्या काळ्या पडद्यापेक्षा याची अधिक काळजी वाटते. ड्रायव्हर पुन्हा मिळतो, प्रणाली पुन्हा बसवता येते, पण आजीचा आवाज असलेली ती फीत मी ज्या फाइलमध्ये उतरवून ठेवली, ती त्या डिस्कवर आहे. डिस्क्स नावाचे ॲप उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून स्मार्ट डेटा अँड सेल्फ-टेस्ट्स, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या प्रकृतीची नोंद, पाहता येते. तिथे रीॲलोकेटेड सेक्टर काउंट अशी एक ओळ असते. डिस्कने स्वतःचे किती खराब तुकडे बाजूला टाकून त्यांच्या जागी राखीव तुकडे वापरले आहेत, याचा तो आकडा. तो शून्य असला तर बरे. शून्य नसून दर आठवड्याला वाढत असेल, तर ती डिस्क निरोप घेते आहे असे समजायचे. मात्र हे पाहण्याआधीच बाहेरच्या डिस्कवर होम फोल्डरची, म्हणजे तुमच्या सगळ्या फाइलींची, नक्कल करा. आजारी डिस्कवर तपासण्या चालवत बसण्यापेक्षा तिच्यातले आधी बाहेर काढणे शहाणपणाचे.

इथे माझी एक चूक कबूल करते. मी टाइमशिफ्ट लावून दिले तेव्हा "आता सगळे सुरक्षित आहे" असे म्हणाले होते, आणि तुम्ही अर्थातच त्यावर विसंबलात. टाइमशिफ्ट प्रणालीच्या फाइलींची प्रत ठेवते. तुमचे होम फोल्डर, म्हणजे छायाचित्रे आणि कागदपत्रे, ते मुद्दाम सांगितल्याशिवाय घेत नाही. अपडेट बिघडले तर मागे जाण्यासाठी ते उत्तम आहे, पण छायाचित्रांसाठी बॅकअप्स नावाचे वेगळे ॲप आहे आणि ते मी या खेपेस लावून देईन. तोवर हाताने केलेली नक्कल चालेल. नक्कल झाल्यावर बाहेरच्या डिस्कवरची दोन-तीन छायाचित्रे उघडून पाहावीत, कारण न उघडलेल्या नकलेवर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

प्रिंटरचे फार लांबवत नाही. राउटर बदलल्यापासून प्रिंटरला जाळ्यावर नवा पत्ता मिळाला आहे आणि संगणक जुन्या पत्त्यावर निरोप पाठवत बसला आहे. प्रिंटर्सच्या पानावरून जुनी नोंद काढून प्रिंटर पुन्हा जोडला की काम होईल. तो पुरेसा नवा असल्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागणार नाही. फक्त छापले गेले नाही म्हणून पुन्हा पुन्हा छापायला सांगू नका. त्या सगळ्या प्रती रांगेत थांबून राहतात आणि मार्ग मोकळा झाला की एकामागून एक बाहेर येतात, हे आपण विम्याच्या अर्जाच्या नऊ प्रती पाहून शिकलो आहोत. आवाज गेला, तर सेटिंग्जमध्ये साउंडच्या पानावर आउटपुट पाहावे. पुष्कळदा संगणकाने परस्पर पडद्यालाच स्पीकर मानलेले असते. वायफाय गेले, तर मोबाइल तारेने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करावे, म्हणजे निदान दुरुस्तीपुरते इंटरनेट मिळते.

आणि आई, आज्ञा लिहायच्या काळ्या चौकटीत (टर्मिनलमध्ये) पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, हे तसेच असते. कळफलक बिघडलेला नसतो. तू त्याचे सेल दोनदा बदललेस असे बाबांकडून कळले.

राहिला तो अपग्रेडचा प्रश्न. रोजची अपडेट म्हणजे आहे त्याच आवृत्तीची डागडुजी. अपग्रेड म्हणजे बिऱ्हाड हलवणे. आपल्याकडे २२.०४ आहे, म्हणजे २०२२ सालच्या एप्रिलमधली दीर्घ मुदतीची आवृत्ती, आणि तिची नेहमीची पाच वर्षांची देखभाल २०२७ सालापर्यंत आहे. २४.०४ वर जा, असे सुचवणारी चौकट दिसते तिच्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण ती आज्ञाही नाही. मधली पायरी गाळून थेट त्यापुढच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, त्यामुळे केव्हातरी २४.०४ वर जायचेच आहे; मात्र टकटक करणाऱ्या डिस्कवर मी तो प्रयोग करू देणार नाही. आधी नवी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवू. मग २४.०४ पेनड्राइव्हवर घेऊन, काही न बसवता, तिथूनच संगणक चालवून पाहू. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा हवा. त्यात पडदा, आवाज, वायफाय आणि आईचा देवनागरी कळफलक चालला, तर पुढे जाऊ. एखादे उपकरण रुसले, तर ते आधीच कळेल आणि मूळ प्रणालीला धक्काही लागणार नाही. प्रत्यक्ष बदल सुरू झाल्यावर मध्येच बराच वेळ काही हालत नाही असे वाटेल, पण त्या वेळी बटण दाबून संगणक बंद करणे ही एकच गोष्ट अशी आहे, जी निस्तरायला मला खरोखर त्रास होतो. आपण फाइल बदलली आहे, जुनी ठेवू की नवी घेऊ, असे विचारले गेले, तर जुनी ठेवा असे सांगावे.

तोवर एक वही संगणकाजवळ ठेवा. काही अडले की दुसरे काही करण्याआधी तारीख, त्याआधी शेवटचा कोणता बदल केला होता ते, आणि पडद्यावरची ओळ जशीच्या तशी लिहा. "काहीतरी एरर आली" असे नको. इंग्रजी ओळ लिहायला कंटाळा आला तर मोबाइलवर पूर्ण पडद्याचे छायाचित्र काढा, कडा न कापता, कारण उपयोगाचा आकडा हमखास कडेलाच असतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाहा. बाबा, तार काढली, ड्रायव्हर बदलला आणि राउटरही बंद करून लावला, हे सगळे तुम्ही एकाच दमात करता. मग चालू झाले तरी कशामुळे ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा शून्यावर असतो. कोणी अनोळखी माणसाने फोनवर सांगितलेली आज्ञा मात्र काळ्या चौकटीत कधीही लिहू नका, ती कितीही छोटी दिसली तरी.

मला लागणाऱ्या आज्ञा मोठ्या अक्षरांत वेगळ्या कागदावर छापून सोबत पाठवत आहे. रविवारी सकाळी फोन करीन. त्याआधी होम फोल्डरची नक्कल झालेली असावी आणि स्मार्टच्या पानावरचा तो आकडा आईने वहीत लिहून ठेवावा. आईनेच, कारण बाबा तो "थोडा आहे" असा लिहितील.

आपली लेक