तू गेल्यानंतर गल्लीत आलेला फोन

सोलापूर
रविवार

प्रिय नंदू,

मागच्या आठवड्यात बोलता बोलता तू विचारलंस, ‘तुमच्याकडे फोन नक्की कधी आला रे?’ मी ‘एक्क्याण्णवला’ म्हणालो आणि विषय पुढे सरकला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. १९८८ ला तुझ्या वडिलांची रेल्वेत भुसावळला बदली झाली, तुम्ही बिऱ्हाड हलवलंत, आणि आपल्या गल्लीत घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट तुला बघायलाच मिळाली नाही. म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय.

नोंदणी झाली तेव्हा तू इथेच होतास. १९८४ साली अण्णांनी जनरलच्या यादीत नाव घातलं. डॉक्टर, पत्रकार यांची यादी वेगळी असे. जादा अनामत भरून ओवायटीत, म्हणजे ‘ओन युअर टेलिफोन’ योजनेत, नंबर लावायची सोयही होती, पण अण्णांच्या पगारात ती झेपणारी नव्हती. सत्तर कोटींच्या देशात तेव्हा तीस लाखसुद्धा फोन नव्हते, त्यामुळे ज्याने त्याने वाट बघायची हे ठरलेलंच. आपण फोन न बघताच वाढलो. कुणाला तातडीने काही कळवायचं तर तार, आणि तारवाला गल्लीत शिरला की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, आठवतं? बोलायचंच असेल तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे चढते दर. बाकावर ताटकळायचं, आणि कॉल लागला की तीन-तीन मिनिटांच्या हिशेबात बोलणं उरकायचं. आजोबा गेले तेव्हा मुंबईच्या काकांना अण्णांनी असाच कॉल केला होता. ‘बाबा गेले, निघा’ एवढंच बोलले आणि फोन ठेवला. रडायला त्यांना घरी यावं लागलं.

तर १९९१ चा पावसाळा संपता संपता लाइनमन आला. कोपऱ्यावरच्या खांबावरून वायर ओढली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडलं आणि विचारलं, ‘कुठे बसवायचा?’ अण्णांनी जागा ठरवून ठेवली होती, आतल्या खोलीत, त्यांच्या टेबलावर. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, ‘आत नको. लोक येणार बोलायला. त्यांना चुलीवरून न्यायचं का? दाराशी बसवा, कोनाड्यात.’ अण्णा तिच्याकडे बघत राहिले, मग लाइनमनला म्हणाले, ‘त्या म्हणतात तिथे बसवा.’

नंदू, फोनची सगळी कथा मला त्या एका वाक्यात दिसते. कनेक्शन अण्णांच्या नावावर, बिल अण्णांच्या पगारातून, पण तो फोन गल्लीचा असणार हे आईने वायर जोडायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. सातवीपर्यंत शिकलेली बाई. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्र बंगळूरच्या आयटीआयचं होतं, काळं, जड, गोल डायलचं. पहिल्या दिवशी आम्ही भावंडं नुसता रिसीव्हर उचलून आतला तो एकसुरी आवाज आळीपाळीने ऐकत होतो. डायल फिरवून सोडली की ती टरटरत परत यायची, आणि त्या परतीत आकड्याइतक्या वेळा लाइन क्षणभर तुटायची. एक फिरवला की एकदा, शून्य फिरवलं की दहादा. एक्स्चेंज ते तुटणं मोजायचं. एसटीडीचा, म्हणजे परगावी थेट लावायचा, नंबर शून्यानेच सुरू व्हायचा, त्यामुळे पुण्याचा ०२१२ फिरवतानाही जीव टांगणीला लागायचा. पुढे अण्णांनी डायलच्या भोकात छोटं कुलूप घातलं, तर माझ्या मामेभावाने रिसीव्हर ठेवायचं बटण तालात टिचकवून नंबर लावून दाखवला! तेही लाइन तोडणंच ना. अण्णा रागवायचं विसरून त्याला ‘परत कर बघू’ म्हणाले.

आणि दिवे गेले तरी फोन चालू असायचा. लाइनला लागणारी वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून तारेवाटेच यायची. अख्खी पेठ अंधारात असताना कोनाड्यातली घंटी वाजली की मला अजून आठवतं, कसा धीर यायचा.

महिनाभरात आमचा नंबर गल्लीभर झाला. लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या बिलबुकांवर आमचा नंबर आणि पुढे ‘पी.पी.’ छापलेलं असायचं, म्हणजे फोन शेजारचा, माणसाला बोलावून घ्यायचं. आपल्या गल्लीची भाषा तुला माहीत आहे. समोर वरंगळकडून आलेले पद्मशाली विणकर, डावीकडे कानडी लिंगायतांची घरं, मागे आपण मराठी, कोपऱ्यावर दखनी बोलणारे चाचा. सोलापूरच ते. ही सगळी भाषा आता आमच्या पुढच्या खोलीतून बोलली जाऊ लागली. समोरच्या मावशी आईला ‘अक्का’ म्हणत आत यायच्या आणि भिवंडीत मागावर काम करणाऱ्या भावाला विचारायच्या, ‘मंचिगुन्नारा?’ बरे आहात ना. मला तेलुगूचा पहिला शब्द त्या कोनाड्यापाशी कळला.

शेजारच्या अव्वा तुला आठवत असतील, आपल्याला गड्ड्याच्या जत्रेत शेंगाचटणी-भाकरी बांधून द्यायच्या त्या. त्यांचा धाकटा मुंबईला होता. तो दर रविवारी रात्री उशिरा करायचा, तेव्हा एसटीडीचा दर उतरलेला असे. मी त्यांना बोलवायला जायचो तर त्या आधीच उंबऱ्यावर बसलेल्या, डोक्यावर पदर, नवं लुगडं. पहिले काही रविवार त्या बोलल्याच नाहीत. तो तिकडून ‘अव्वा, अव्वा’ करायचा आणि या नुसत्या ऐकायच्या. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. मग एका रविवारी त्यांनी विचारलं, ‘ऊटा आतेन?’ जेवलास का. बाकी काही नाही. पोरगा तिकडे रडायला लागला, ते आम्हाला दारापर्यंत ऐकू आलं.

आईने एक वही केली होती. कुणी घरी नसलं की ती निरोप उतरवून घ्यायची आणि समोरच्याला पुन्हा वाचून दाखवायची. ‘बरोबर आहे ना? मग ठेवा.’ बोलणाऱ्याने रडत सांगितलं असेल तर निरोप आम्हा पोरांच्या हाती पाठवायची नाही, स्वतः जायची, चप्पल न घालता. बाहेर लावलेल्या कॉलचे पैसे लोक डब्यात टाकायचे. आलेल्या कॉलचं कधी कुणाकडून काही घेतलं नाही.

आता ते लिहितो ज्यासाठी खरं तर हे पत्र घेतलं. १९९३ ची अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत मिरवणुका, लेझीम, आम्ही गुलालाने माखून येऊन नुकते झोपलो होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, जमीन हलली. भांडी पडली, सगळे रस्त्यावर. किल्लारी हे नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. उजाडता उजाडता आमचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. पुण्याहून, मुंबईहून, भिवंडीहून. लाइन मिळवायला लोक तासन्‌तास डायल फिरवत होते आणि लागली की एवढंच विचारत होते, ‘आमची माणसं आहेत का?’ आई दारात उभी राहून एकेका घराला हाक मारायची आणि उत्तर आलं की फोनवर सांगायची, ‘आहेत, सगळे आहेत, मी बघतेय त्यांना.’ तिने दिवसभर चूल पेटवली नाही. गल्लीतून आम्हाला जेवण आलं.

दुपारपर्यंत सिव्हिलला जखमी येऊ लागले आणि तिकडे काय झालंय ते कळलं. मागच्या वाड्यातल्या गुरुजींची मुलगी उमरगा तालुक्यात दिली होती, सास्तूरच्या बाजूला. तिकडची लाइन लागत नव्हती. गुरुजींचा मुलगा मिळेल त्या गाडीने निघाला. गुरुजी आणि त्यांची बायको आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसले ते उठलेच नाहीत. रात्री आईने त्यांच्यासाठी तिथेच सतरंजी घातली. कुणाचाही फोन आला की दोघं ताठ व्हायचे, आणि आई आधी मान हलवून ‘तो नाही’ असं सांगायची, मग बोलायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उमरग्याहून फोन आला. मुलगा होता. आईने ऐकलं, वही ओढली आणि सवयीने लिहायला लागली. मी शेजारी उभा होतो. तिने लिहिलं, ‘ताई आहे. पायाला लागलंय. बाळ आहे. सासूबाई गेल्या.’ आणि इतकं झाल्यावरही ती म्हणाली, ‘थांब, वाचून दाखवते, बरोबर का सांग.’ ती मोठ्याने वाचत होती ते गुरुजींना ऐकू जावं म्हणूनच, हे मला फार नंतर उमगलं. मग तिने रिसीव्हर गुरुजींच्या हातात दिला आणि त्यांच्या बायकोला जवळ घेऊन खाली बसली.

पुढचं तुलाही माहीत आहे. कोपऱ्यावर पिवळा एसटीडी बूथ आला, मग ज्याच्या त्याच्या घरी फोन आले, मग मोबाइल. लोक यायचे कमी झाले तेव्हा आईला करमेना. अव्वा मात्र मुलाने घरी फोन घेऊन दिल्यावरही रविवारी आमच्याकडेच यायच्या. मुलगाही आमच्याच नंबरावर करायचा.

मला लोक सांगतात की आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, ही केवढी सोय! सोय आहेच, ती नाकारत नाही. किल्लारीच्या वेळी गुरुजींच्या हातात मोबाइल असता तर ते तीन दिवस त्यांना काढावे लागले नसते. पण ती बातमी त्यांना एकट्याने, कुठेतरी उभ्या उभ्या वाचावी लागली असती तर काय, हाही विचार माझ्या मनात येतो. बातमी आणि माणूस यांच्यामध्ये आई उभी होती. अशी माणसं तेव्हा गल्लोगल्ली होती, ज्यांच्या घरी फोन होता त्यांतली पुष्कळ. त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

वही माझ्याकडे आहे. त्यात तुझंही एक पान सापडलं. भुसावळहून तू दहावीचा निकाल कळवला होतास. आईने लिहिलंय, ‘नंदू पास. बाळला सांगणे. पेढे मी वाटते.’ आणि वाटले होते तिने, तू इथे नसताना, सगळ्या गल्लीला. फोटो काढून पाठवतो.

आईला आता ऐकू कमी येतं, पण फोनवर बोलायला आवडतं. दुपारी चारनंतर कर, तेव्हा ती झोपून उठलेली असते. जरा मोठ्याने बोल, आणि नाव आधी सांग. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझ्या दोन्ही गुडघ्यांचं काय ठरलं तेही कळव.

तुझा,
बाळ