तांबडी सुर्ल्याच्या काकांना, देव बरें करूं!

डिसेंबरात सातवीच्या मुलांना घेऊन गोव्यातल्या तांबडी सुर्ल्याला गेलो होतो. कदंबकालीन महादेव मंदिर पाहून नदीकाठाने चालताना एक मुलगी शेवाळावरून घसरली. घोटा टम्म सुजला. बस लांब, मोबाईलला रेंज नाही (त्या रानात असणार तरी कुठून!). तेवढ्यात कुळागरातून (सुपारी-मसाल्यांच्या बागेतून) एक काका आले. कोयत्याने पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं रुंद, चिवट आवरण) मापात कापली, आत स्वतःचा पंचा घडी करून घातला, हलक्या हाताने पायाला बांधली. मग तिला पाठुंगळी घेऊन बसपर्यंत आणलं. वाटेत मिरवेल कुठली, जायफळ कुठलं, विचारत राहिले. ती रडायचीच विसरली. नाव विचारलं, तर म्हणाले, "आदीं चेडवाक दोतोराकडे व्हरात." (आधी मुलीला डॉक्टरकडे न्या.) हाड शाबूत आहे, काका. पोरगी आता धावतेय. मनापासून आभार.