तक्रार: पाकिटावर ३० गेज, आत सुई भलतीच जाड

मॅनेजर साहेब,

तुमच्या कस्टमर केअरशी आत्ताच पुन्हा बोलून झालं, यापुढे फोन नाही, लेखीच देते.

दांडिया बाजारातल्या तुमच्या डीलरकडून आमच्या लॅबने ३० गेजच्या सुयांचे बॉक्स घेतले, बिल आणि बॅच नंबरचे फोटो जोडलेत. ३० गेज म्हणजे बाहेरून ०.३ मिमी, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. उरलेल्या सुया मायक्रोमीटरने मोजल्या तर निम्म्याहून जास्त ०.४५ च्या आसपास निघाल्या, म्हणजे सरळ २६ गेजच्या. पाकीट तेच, हबचा, म्हणजे सुईच्या प्लास्टिकच्या बुडाचा, रंग तोच, आत सुई दुसरी.

मार लागल्यावर मणक्यांमधली गादी कशी झिजत जाते यावर आमचं काम आहे, आणि ते उंदराच्या शेपटीवर चालतं कारण तिथे पोट न उघडता बाहेरूनच त्या गादीपर्यंत, म्हणजे डिस्कपर्यंत, पोचता येतं. उंदराला भूल द्यायची, एक्स-रेखाली दोन मणक्यांमधली फट धरायची, सुई आत घालायची, एकदा पूर्ण फिरवायची, ३० सेकंद तशीच ठेवून काढायची. ती डिस्क जेमतेम १ मिमी उंच असते. सुईची जाडी डिस्कच्या उंचीच्या ४० टक्क्यांच्या आत असेल तर डिस्क बऱ्यापैकी तग धरते, त्यावर गेली की आतला दाब जातो आणि ती बसायला लागते. ०.३ ची सुई साधारण एक तृतीयांश होते, ०.४५ ची जवळजवळ निम्मी. आमचा हलक्या माराचा ग्रुप तुमच्या ३० गेजवर उभा होता, आणि एक्स-रेत त्याच्या डिस्कही जड माराच्या २१ गेजवाल्या ग्रुपसारख्याच बसलेल्या दिसल्या. कोणाला हलका मार बसला आणि कोणाला जड, हे आता कोणीच सांगू शकत नाही, सगळा डेटा गेला.

हे सगळं तुमच्या माणसाला फोनवर शांतपणे सांगितलं. मध्ये होल्डवर टाकलं, परत आला आणि विचारतो, "मॅडम, पेशंट को कुछ हुआ क्या?" मी म्हटलं पेशंट नाहीत, लॅबचे उंदीर आहेत. तर म्हणतो, "अरे, चूहे ही तो हैं, सुई लगी ना, फिर कंप्लेंट किस बात की?" मागे कोणीतरी हसलं, मला स्पष्ट ऐकू आलं. मी परत सांगितलं की सुई लागली हाच प्रॉब्लेम नाहीये, जाड लागली हा आहे, तर म्हणाला एक-दोन नंबर इकडे तिकडे चालतं, आणि तिकीट क्लोज केलं. माझ्यासमोर, मी लाइनवर असताना!

चूहे ही तो हैं. साहेब, त्या प्रत्येक उंदरासाठी आम्ही एथिक्स कमिटीसमोर उभं राहून कारण दिलंय, किती लागणार आणि त्याहून कमी का चालणार नाहीत ते लिहून दिलंय. अ‍ॅनिमल हाउसमध्ये रोज त्यांना हातात घेतलंय. काहीतरी कळावं म्हणून त्यांना दुखवायची परवानगी मिळते, आणि कळलं काहीच नाही. आता तेच काम परत करायचं म्हणजे परत परवानगी आणि परत तितकेच जीव. ते तुमच्या पाकिटावरच्या चुकीच्या आकड्यापायी जाणार.

आणि एक-दोन नंबर चालतं म्हणणाऱ्याला विचारा, याच बॅचची सुई एखाद्या दवाखान्यात बाळाला किंवा डोळ्याजवळ टोचली गेली तर? डॉक्टर पण पाकिटावरचाच नंबर वाचतो ना. पाकिटावर ३० आणि आत २६, हे कुठल्याच कामाला चालत नाही.

आमच्याकडे वर्षानुवर्षं तुमच्याच सुया येतात, सिनियर्स सांगायचे दुसऱ्या घेऊच नका म्हणून. तो विश्वास गेला आणि त्याचं खरंच वाईट वाटतंय.

ही बॅच बाजारातून परत मागवा, डीलरला लेखी कळवा, आणि मोजमापाचा रिपोर्ट आमच्या एथिक्स कमिटीला पाठवा म्हणजे निदान परवानगीच्या वेळी आमचं म्हणणं कागदावर राहील. या शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार जाईल, सुया सीलबंद ठेवल्यात. पैसे परत देतो म्हणून फोन करू नका, मेल करा.

रिसर्च स्कॉलर, बडोदा