फोटोओळीतले ‘इतर’

आयोवा,
शनिवार, पहाटेचे दोन

तीर्थस्वरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गेल्या शनिवारी तू फोनवर मला जे विचारलेस त्याचे उत्तर मी तेव्हा टाळले. तुमच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते, इकडे शुक्रवारच्या रात्रीचे अकरा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणीला आलेला मका उभा होता आणि घरी पोहोचण्याआधी वाटेतच कुठेतरी गाडी थांबवून मला फोटो पाठवायचे होते. “रुग्णालयाच्या प्रसिद्धी विभागातली ती नोकरी घेणार आहेस ना?” असे तू विचारलेस आणि मी “बघते” म्हणाले. खरे तर त्याच्या दोन दिवस आधीच मी त्यांना नकार कळवून मोकळी झाले होते. पगार दीडपट होता, शनिवार-रविवार सुट्टी होती, दिवाळीला घरी येता आले असते, हे सगळे मला ठाऊक होते. तरीही नकार का दिला हे गाडी चालवताना घाईघाईने सांगण्यासारखे नव्हते, म्हणून आज मॅच आटोपून घरी आल्यावर झोपायच्या आधी हे पत्र लिहायला बसले आहे.

इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि आमचे वृत्तपत्र ज्या भागात जाते तिथल्या डझनभर हायस्कूलांच्या खेळांचे फोटो काढणे हे माझे काम. ऑगस्टच्या अखेरीस फुटबॉल (इथला, चेंडू हातात धरून पळण्याचा) आणि व्हॉलीबॉल सुरू होतात, नोव्हेंबरपासून बास्केटबॉल आणि कुस्ती, मग धावण्याच्या शर्यती. बाकीच्या राज्यांत हायस्कूलचे बेसबॉल आणि सॉफ्टबॉल शाळा चालू असतानाच, बहुतेक ठिकाणी वसंतात, उरकतात, पण आयोवात हे दोन्ही खेळ भर उन्हाळ्यात, जुलै संपेपर्यंत चालतात, आणि अशी रीत असलेले हे अमेरिकेतले एकच राज्य आहे. म्हणून मला मोकळीक मिळते ती ऑगस्टच्या सुरुवातीला. “पावसात येतेस आणि नारळीभात खाऊन जातेस,” असे तू दर वर्षी म्हणतेस, त्यामागे हे वेळापत्रक आहे. दिवाळीच्या सुमारास इथे फुटबॉलचे बाद फेरीचे सामने चालू असतात, आणि ज्या मुलांचे मी दोन-दोन वर्षे फोटो काढले त्यांचा शेवटचा सामना सोडून यायला माझे मन धजत नाही.

बाबा, तुमचे सारे आयुष्य वीज मंडळात गेले, तेव्हा शुक्रवारच्या रात्रीची माझी खरी अडचण तुम्हाला चटकन समजेल. लहान गावांच्या मैदानांवर अजून जुने मेटल हॅलाइडचे दिवे आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, इथे ६०, म्हणजे हे दिवे सेकंदाला १२० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही. पण पळणारा मुलगा स्पष्ट यावा म्हणून मी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवते आणि एकापाठोपाठ चार फोटो काढते, तेव्हा एक पिवळट येतो, एक काळवंडलेला येतो आणि एखादाच नीट उजेडात सापडतो. जिथे खांबांवरचे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडलेले असतात तिथे हा फरक कमी जाणवतो, आणि एलईडी दिव्यांच्या नव्या मैदानांवर तो प्रश्न सहसा येत नाही. आता कॅमेरेही असे आले आहेत की ते दिवा उजळण्याच्या क्षणाची वाट पाहून मगच शटर उघडतात. पण मैदानाच्या चार कोपऱ्यांत, जिथे चेंडू नेऊन गुण मिळवतात नेमके तिथेच, अंधार असतो, आणि त्याला कोणताच कॅमेरा पुरा पडत नाही.

मी रेषेबाहेर गुडघे टेकून बसते. पँटच्या आत गुडघ्यांना जाड पट्टे बांधलेले असतात. लांब पल्ल्याच्या लेन्समधून पाहताना अंगावर येणारा खेळाडू अजून दूर आहे असे वाटत राहते आणि प्रत्यक्षात तो येऊन आदळलेला असतो, म्हणून दुसरा डोळा कायम उघडा ठेवायचा असतो. नोव्हेंबरात थंडी शून्याखाली गेली की बॅटऱ्या पाहता पाहता उतरतात. जास्तीच्या बॅटऱ्या मी स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवते. आई, तू पाठवलेली लोकरीची बंडी त्या रात्रींना कामी येते. उजवा हातमोजा मात्र काढावाच लागतो.

इतके सगळे सांगूनही माझ्या कामाचा गाभा मैदानावर नाही, फोटोओळीत आहे. सामना संपला की मी गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते. प्रशिक्षकांनी दिलेली यादी आधीच भरून ठेवलेली असते. मी संघाची खूण आणि पाठीवरचा क्रमांक टाकला की त्या मुलाचे पूर्ण नाव आणि इयत्ता आपोआप उमटते. जो चेहरा ओळखू येतो त्याचे नाव ओळीत आलेच पाहिजे, आणि ते त्याच्या घरचे लोक जसे लिहितात तसेच आले पाहिजे, हा नियम मला कार्यालयाने शिकवण्याआधी तुमच्या कपाटाने शिकवला होता.

पासबुकांच्या पिशवीतले ते कात्रण तुम्हाला आठवत असेलच. तुमचा शाळेचा खो-खो संघ जिल्ह्यात पहिला आला तेव्हा छापून आलेला, बोटाएवढ्या उंचीच्या मुलांचा तो धुरकट फोटो. खालच्या ओळीत कर्णधाराचे नाव आहे, सरांचे आहे, मुख्याध्यापकांचे आहे, ढाल देणाऱ्या पाहुण्यांचे पदासकट आहे, आणि मग आहे ‘व इतर खेळाडू’. तुम्ही मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे. मी सात-आठ वर्षांची असताना तुम्ही बोट ठेवून मला “हा मी” असे दाखवलेत, आणि मी खालची अक्षरे लावून लावून वाचली आणि विचारले, “तुमचं नाव कुठे आहे?” तुम्ही हसलात आणि म्हणालात, “इतरमध्ये.” बाबा, तुम्ही ते सहज म्हणालात, पण पन्नास वर्षांहून अधिक काळ ते कात्रण तुम्ही जपून ठेवले आहे. त्यातल्या मुख्याध्यापकांनी किंवा पाहुण्यांनी ते जपले असेल असे मला वाटत नाही.

हे मनावर कोरलेले असूनही माझ्या हातून चूक झाली आणि ती मी आजवर तुम्हाला सांगितली नाही. नोकरीचे तिसरे वर्ष होते. मी एका गावचा पूर्वार्ध करून पाऊण तासावरच्या दुसऱ्या गावी उत्तरार्धाला पोहोचले. पाऊस होता, चिखल होता. एका मुलाने सुटलेल्या चेंडूवर स्वतःला झोकून दिले आणि चिखलातून चेंडू छातीशी धरून वर पाहिले, तो क्षण मला मिळाला. क्रमांकावरून नाव टाकले आणि फोटो चार कॉलम छापून आला. पण जर्सी रक्ताने माखली तर ती बदलावी लागते, असा इथला नियम आहे. मध्यंतरापूर्वी त्या मुलाचे नाक फुटले होते आणि संघाकडची जादा जर्सी घालून तो खेळत होता. यादीत तो क्रमांक होता त्या दिवशी न आलेल्या दुसऱ्याच मुलाचा. मी पूर्वार्धाला नव्हते, आणि मी कोणाला विचारलेही नाही.

सोमवारी त्याच्या आजीचा फोन आला. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या त्या मुलाचे नाव चार वर्षांत पहिल्यांदाच छापून यायचे होते, तेही दुसऱ्याच्या नावावर गेले. आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली, पण तेवढ्याने माझे समाधान होईना, म्हणून मोठा प्रिंट काढून मी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर ते कात्रण आधीच लावलेले होते. आजींनी चुकीचे नाव निळ्या पेनने पट्टी धरून खोडले होते आणि त्याच्या वर, छापील अक्षरांच्या आकारात लिहिण्याचा प्रयत्न करत, नातवाचे नाव लिहिले होते. त्यांचा हात थोडा कापत असावा. त्या मला एक शब्द लागेल असे बोलल्या नाहीत. मी दिलेला प्रिंट त्यांनी बैठकीच्या खोलीत ठेवला, पण कात्रण फ्रिजवरून काढले नाही. तेव्हापासून मी उत्तरार्धाला पोहोचले तर कॅमेरा बाहेर काढण्याआधी संपूर्ण राखीव रांगेसमोरून चालत जाते आणि संघाचे सामान सांभाळणाऱ्या मुलाला विचारते, “कोणाचा नंबर बदललाय का?”

आता कुस्तीविषयी लिहिते, कारण बाबा, तुम्ही दर हिवाळ्यात पहिला प्रश्न तोच विचारता. आपल्याकडे खाशाबा जाधवांचे नाव घेताच माणसे सावरून बसतात, तसे इथे डॅन गेबल यांचे आहे. ते इथल्याच वॉटर्लूचे. शाळेत असताना ६४ कुस्त्यांत एकदाही हरले नाहीत आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आले. शाळेच्या हॉलमध्ये मॅटच्या कडेला पालथे पडून फोटो काढताना मला खासबाग आठवते. शाहू महाराजांच्या त्या मैदानात तुम्ही मला खांद्यावर बसवून नेत होता, आणि पट काढताना मल्लाचे तोंड कोणत्या बाजूला वळेल हे तुम्ही आधीच सांगत होता. कुस्तीच्या फोटोत हीच खरी पंचाईत असते. बहुतेक वेळ पाठ आणि डोक्याचा मागचा भागच दिसतो, चेहरा दिसतो तो क्षणभर, आणि त्या क्षणी आपण योग्य बाजूला असावे लागते. माझ्याबरोबरच्या कोणाला ते इतके आधी कळत नाही. मला कळते, कारण तुम्ही ते शिकवलेत.

२०२३ च्या फेब्रुवारीत मुलींच्या शालेय कुस्तीला इथल्या संघटनेची मान्यता मिळाल्यानंतरची पहिली राज्य स्पर्धा कोरलव्हिल इथे झाली. त्याआधी मान्यताप्राप्त संघ असा तो मुलांचाच, आणि मुलींना कुस्ती खेळायची तर बहुधा त्यातच जागा मिळवावी लागे. आमच्या भागातली एक मुलगी तिथे पहिल्याच दिवशी चितपट झाली आणि स्पर्धेबाहेर गेली. मी तिचा हरतानाचा फोटो पाठवला नाही. आत जाण्याआधी ती केसांवर जाळी चढवत होती आणि तिचे वडील कानावरचे पट्टे हातात घेऊन शेजारी उभे होते, तो पाठवला. पुढच्याच महिन्यात सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हा तुम्ही मला पहाटे उठवून सांगितलेत. त्या दिवशी तुम्हाला झालेला आनंद मी विसरलेले नाही.

आई, तुझी काळजी अनाठायी नाही, हे मी मान्य करते. मी पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा, मे २०१३ मध्ये, शिकागो सन-टाइम्सने आपल्या सगळ्या २८ पूर्णवेळ छायाचित्रकारांना एकाच दिवशी कामावरून काढले. आमच्या वर्गात त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही. मी रुजू झाले तेव्हा आमच्या कार्यालयात आम्ही तिघे छायाचित्रकार होतो. आज मी एकटी आहे. छपाई आता दूरच्या शहरात होते, त्यामुळे शुक्रवारचा सामना शनिवारच्या अंकात येतच नाही, आणि हे मला अजूनही पटत नाही. उद्या माझीही जागा जाऊ शकते. ती गेली तर मी दुसरे काम शोधीन, तुमच्यावर भार होणार नाही. पण ती जाण्याआधी मी आपण होऊन उठून गेले, तर या डझनभर शाळांत शुक्रवारी रात्री यादी हातात घेऊन फिरणारे कोणी उरणार नाही. मोठ्या संघांचे फोटो काढायला शेकडो लोक आहेत. इथल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला आयुष्यात एकदाच वृत्तपत्र येते, आणि ते मी घेऊन जाते. मला हे काम मनापासून आवडते, ही गोष्टही मी तुम्हाला इतक्या स्पष्टपणे आजच सांगते आहे.

आता एक विनंती. बाबा, दिवाळीत जरा निवांतपणे बसून त्या कात्रणातल्या बाराही मुलांची नावे डावीकडून उजवीकडे, पुढची रांग आणि मागची रांग वेगळी करून, लिहून ठेवा. मागे टोपी घालून उभा असलेला मुलगा कोण हे तुम्ही मला कधी सांगितले नाही. जे आठवणार नाही ते तुमच्या शाळेतल्या मित्रांना विचारा. अजून विचारता येईल असे आहेत. मी ऑगस्टमध्ये येईन तेव्हा तो फोटो नीट स्कॅन करून मोठा करीन आणि खाली पूर्ण ओळ टाकून देईन. आई, त्यासाठी बैठकीतल्या कॅलेंडरची जागा मोकळी करावी लागेल, तेवढी तू करून ठेव.

दोघेही रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
धाकटी